तालुक्याचा धंदा उभा करायचा तर कामाचा क्रम असा ठेवा

मराठवाड्यात तालुक्याच्या विकासाची बैठक बसली की पहिल्या दहा मिनिटांत तीन मागण्या निघतात. एमआयडीसी आणा, मोठी कंपनी आणा, अनुदान आणा. तिन्हींत गैर काही नाही, पण या शेवटच्या पायऱ्या आहेत आणि आपण त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. त्यामुळे शेड उभे राहते, मशिन येते, फीत कापली जाते आणि दुसऱ्या हंगामात कुलूप लागते.

तालुक्याची स्पर्धाक्षमता म्हणजे इथली माणसे एक काम बाहेरच्या बाजारात टिकेल इतक्या चांगल्या दर्जाने, वेळेवर आणि परवडेल अशा खर्चात करतात का, एवढेच. स्वस्त जमीन आणि वीजदरातली सवलत शेजारचा जिल्हाही देतो. नांदेड, लातूर, धाराशिवला तर सीमेपलीकडे तेलंगणा आणि कर्नाटकही आहेत. सवलतीवर आलेला उद्योग जास्त सवलत दिसली की तिकडे जाऊ शकतो. इथल्या माणसांच्या हातातले काम मात्र सहजी कोणाला नेता येत नाही. म्हणून खालचा क्रम हातातल्या कामापासून सुरू होतो. शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, व्यापारी संघटना, बाजार समितीचे लोक, बँकेचे शाखाधिकारी आणि गावाकडे परत येऊन काही करू पाहणारी मुले यांच्यासाठी तो लिहिला आहे.

## १. आधी तालुक्याची जमाखर्चाची वही मांडा

पहिले दोन महिने बांधकामाचे नावसुद्धा काढू नका. एका कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात तालुक्याबाहेर विकून पैसा आत येतो अशा गोष्टी लिहा, दुसऱ्यात पैसा देऊन आपण बाहेरून आणतो त्या.

आकडे कुठे मिळतील? बाजार समितीत महिन्यावार आवक आणि दर मिळतात. जिल्हा उद्योग केंद्रात नोंदलेल्या युनिटांची माहिती असते. अर्थ व सांख्यिकी खात्याचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन दरवर्षी निघते, त्यात तालुकावार तक्ते असतात. पण सगळ्यात उपयोगी माहिती सरकारी कागदात सापडत नाही. ती ट्रान्सपोर्टवाल्याकडे असते. कुठला माल, कुठल्या गावाला, महिन्याला किती गाड्या आणि गाडी परत येताना भरलेली येते की रिकामी, हे तो बसल्या जागी सांगतो. गोदामाचा चौकीदार आणि रेल्वेच्या मालधक्क्यावरचा हमाल यांच्याशीही बोला.

पहिल्या रकान्यात फक्त माल भरू नका. लातूर शहरात अकरावी-बारावीला बाहेरगावची मुले येतात. त्यांच्याबरोबर वसतिगृहाचे भाडे, खानावळीचे पैसे, पुस्तके, झेरॉक्स, रिक्षा असा सगळा पैसा बाहेरून शहरात उतरतो. आर्थिक हिशेबात तो बाहेर विकलेल्या सोयाबीनसारखाच आहे. तुळजापूरला येणारे भाविक आणि वेरूळ-अजिंठ्याला येणारे पर्यटक यांनाही याच रकान्यात जागा द्या.

दुसरा रकाना नीट भरला की बरेच काही उघडे पडते. आपल्या तालुक्यातून तूर जाते आणि डाळ परत येते का? सोयाबीन जाते आणि पेंड परत येते का? मका जातो आणि कोंबडीखाद्य परत येते का? अशी प्रत्येक ओळ लाल शाईने अधोरेखित करा, पण लगेच ‘चला, डाळमिल टाकू’ असे म्हणू नका. ते ठरायला अजून अवकाश आहे.

तपासा: पहिल्या रकान्यात निदान आठ-दहा नोंदी आहेत का? दोन-तीनच असतील तर तुम्ही फक्त मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, फिरलात. गल्लीतल्या खवाभट्ट्या, फॅब्रिकेशनची दुकाने, शिलाईची कामे पाहायची राहिली आहेत.

## २. एकच धंदा निवडा

इथे भांडण होते आणि ते होऊ द्यावे. पाच धंद्यांची यादी करून सगळ्यांना खूश ठेवले तर पाचही अर्धवट राहतात.

निवडीला मी तीन कसोट्या लावतो. निदान वीसेक कुटुंबे किंवा युनिटे आजच ते काम करत असली पाहिजेत. तालुक्याबाहेरचा गिऱ्हाईक आजच तो माल घेत असला पाहिजे, भले कमी दराने का होईना. आणि सगळ्यात वाईट वर्षाच्या पाण्यात ते काम चालले पाहिजे.

पहिली कसोटी का, ते जालन्याकडे पाहून कळते. जालन्याजवळ लोखंडाची खाण नाही. तरी तिथे भंगार वितळवून सळई करणाऱ्या गिरण्या एकापाठोपाठ उभ्या राहिल्या. एकदा काही गिरण्या सुरू झाल्या की भट्टीचे अस्तर करणारा, रोल खरादणारा, भंगाराची पारख असलेला, भट्टीजवळ निर्धास्त उभा राहणारा कामगार आणि उधारीवर माल उचलणारा व्यापारी, सगळे तिथेच राहायला आले. नव्या गिरणीवाल्याला हे सगळे आयते मिळते. बियाण्यांचेही तेच. १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी जालन्यात सुरू झाली. आज आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांना बीजोत्पादन म्हणजे काय, विलगीकरणाचे अंतर का ठेवायचे, परागीकरण कोणत्या वेळी करायचे हे कोणी नव्याने शिकवावे लागत नाही. हे ज्ञान कुठल्या योजनेतून विकत मिळत नाही. ते जिथे आधीच साचलेले आहे तिथूनच सुरुवात करा.

तुमच्या भागात असे काय साचले आहे? वसमत-हिंगोलीकडे हळद शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे. भूम-कुंथलगिरीकडे खवा. जालन्याकडे मोसंबी, बीडच्या डोंगरपट्ट्यात सीताफळ, पैठणला पैठणी. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या आसपासच्या गावांत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर, बसणारी मुले. हे भांडवलच आहे, पण ताळेबंदात दिसत नाही म्हणून त्याची कोणी गणती करत नाही.

### पाण्याची कसोटी सैल सोडू नका

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात महागडी चूक इथेच होते.

प्रकल्प अहवालात सरासरी पाऊस लिहिलेला असतो. सरासरीवर कारखाना चालत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर. शहराला पिण्याचे पाणी रुळावरून आणावे लागले, त्या वर्षी पाणी खाणाऱ्या धंद्याचे काय झाले असेल? तुमच्या निवडलेल्या धंद्याला २०१५-१६ सारख्या वर्षात दिवसाला किती लिटर पाणी लागेल आणि ते नेमके कोणत्या स्रोतातून येईल, हे लेखी मांडा. ‘बोअर घेऊ’ हे उत्तर धरू नका. शेजारच्याचे बोअरही त्याच थरातून पाणी ओढते.

ऊस हे बारमाही पाण्याचे पीक. कारखान्याचे गाळप एकदा त्यावर बांधले की चांगल्या वर्षी सगळे हसतात आणि वाईट वर्षी कारखाना, शेतकरी आणि बँक तिघेही एकदम अडकतात. याउलट तूर, हरभरा, ज्वारी, करडई ही कमी पाण्यात येणारी पिके. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा लवकर येणारा तुरीचा वाण कोरडवाहूत चांगला साधतो, कारण जमिनीतली ओल संपायच्या आत तो काढणीला येतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे अशा वाणांची आणि त्यांच्या लागवडीची सगळी माहिती आहे. तालुक्याचा धंदा पिकावर बांधायचा असेल तर विद्यापीठाच्या विस्तार विभागाला पहिल्याच महिन्यात बोलावा. प्रकल्प मंजूर झाल्यावर बोलावून त्यांचा उपयोग फोटोपुरता होतो.

सावधान: समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज जवळ आहे एवढ्यावर धंदा निवडू नका. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे आणि जालना, संभाजीनगरला त्याचा मोठा उपयोग आहे. पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. तुमचा माल जितक्या लवकर भिवंडीला पोचतो, तितक्याच लवकर भिवंडीचा माल तुमच्या दुकानात येतो.

## ३. मालाबरोबर पायी चाला

धंदा ठरला की चार जण मिळून त्या मालाबरोबर शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत जा. खरोखर जा, फोनवर विचारू नका. दर टप्प्यावर चार गोष्टी लिहा: किती वेळ गेला, किती वजन घटले, किती पैसे गेले आणि दर्जा कोणी, कशाने मोजला.

एक उदाहरण जवळून दाखवतो. ऑक्टोबरची सकाळ, मोंढ्यात सोयाबीनच्या ट्रॉल्या लागलेल्या. खरेदीदार ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर दाणे वर काढतो, एक दाताखाली धरतो आणि म्हणतो, ‘ओला हाय.’ दर खाली येतो. आम्ही त्याच ढिगातले दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकले, १४ टक्के निघाले. म्हणजे त्याचे म्हणणे खरे होते. पण शेजारच्या ढिगात ११.८ टक्के निघाले, आणि त्या शेतकऱ्यालाही ‘ओला हाय’ म्हणूनच दर मिळाला होता. त्याच्या हातात आकडा नव्हता, म्हणून तो गप्प बसला.

आता हिशेब करा. १०० किलो सोयाबीन १४ टक्के ओलाव्याचे असेल तर त्यात ८६ किलो कोरडा भाग असतो. तो १२ टक्क्यांवर वाळवला की वजन ९७.७ किलो उरते, म्हणजे २.३ किलो घट. ओल्या मालाला क्विंटलला ४,५०० रुपये मिळत असतील तर कोरड्याला साधारण ४,६०५ च्या वर मिळाले तरच वाळवणे फायद्याचे, आणि त्यात ताडपत्री, मजुरी, दोन दिवसांचा थांबा वेगळा. फरक ५० रुपयांचा असेल तर वाळवू नका, ओलाच विका. फरक ३०० चा असेल तर गावात वाळवणीचा ओटा ही तालुक्यातली सगळ्यात चांगली गुंतवणूक ठरेल. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. दरवर्षी सूट मिळेल असे धरून चालू नका.

हा हिशेब दोन रुपयांच्या कागदावर होतो. तो न करता किती ठिकाणी लाखोंचे ड्रायर घेतले गेले आहेत, ते पाहिले की जीव तुटतो.

## ४. अडलेली गाठ शोधा

चालून आल्यावर दहा अडचणी सापडतील. सगळ्यांवर उपाय करू नका. यातली एक सुटली तर बाकीच्या किती आपोआप सैल होतील, हा प्रश्न प्रत्येक अडचणीला विचारा.

बहुतेक वेळा गाठ मशिनची नसते. मला जास्त वेळा सापडलेल्या गाठी अशा: दर्जा मोजायला जवळ प्रयोगशाळा नाही; हळदीत कुरकुमीन (तिला पिवळा रंग देणारा घटक) किती ते माहीत नाही, म्हणून सगळी हळद एकाच दराने जाते; माल एकसारखा नाही, म्हणून मोठा गिऱ्हाईक एक गाडी घेतो आणि दुसरी परत पाठवतो; थ्री फेज वीज दिवसा मिळत नाही; हंगामात खरेदीला हातात रोख नाही; बिघडलेले मशिन दुरुस्त करायला माणूस पुण्याहून यावा लागतो.

छत्रपती संभाजीनगरच्या वाहन उद्योगाकडे या नजरेने बघा. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉप वाढली. एकट्या वर्कशॉपला महागडी चाचणी यंत्रे परवडत नाहीत, आणि चाचणीचा कागद असल्याशिवाय पुढचे काम मिळत नाही. मराठवाडा ऑटो क्लस्टर ही सामायिक सोय वाळूजला झाली ती याच गरजेतून. सगळ्यांची गाठ एक होती, म्हणून सगळ्यांनी मिळून सोडवणे शक्य झाले.

तपासा: तुमची गाठ एका वाक्यात, आकड्यासह सांगता येते का? ‘मार्केटिंगची समस्या आहे’ हे वाक्य चालणार नाही. ‘दहापैकी तीन गाड्या खड्यामुळे परत येतात’ असे असले पाहिजे.

## ५. माणसे आधी, नोंदणी नंतर

कंपनी कायद्यानुसार १० उत्पादक एकत्र आले की शेतकरी उत्पादक कंपनी नोंदता येते. लघुउद्योगांच्या क्लस्टर (एकाच प्रकारच्या युनिटांचा समूह) योजनेत सामायिक सुविधा केंद्रासाठी निदान २० युनिटांची विशेष संस्था लागते. हे आकडे माहीत असल्यामुळे लोक आकडा भरतात: भाऊ, मेहुणा, चुलता, दुकानातला मुनीम. कागद पूर्ण होतो आणि संस्था पहिल्याच दिवशी एका घराची होते.

नोंदणीच्या आधी सहा महिने एकत्र काही तरी विकत घ्या किंवा विका. बारदाना घ्या, डिझेल घ्या, एक गाडी माल एकत्र पाठवा. पैशाचा व्यवहार केल्याशिवाय माणूस कळत नाही. या सहा महिन्यांत जो वेळेवर पैसे देतो, तोटा झाला तर तोंड लपवत नाही आणि दुसऱ्याचा माल आपल्या मालाआधी मोजू देतो, तो संचालक करण्यालायक.

मग नियम लिहा. कोणाचा माल आधी घ्यायचा. दर कोण ठरवणार. संचालकाच्या मालालाही तीच चाळणी लागणार का. सभासदाने चांगला दर दिसला म्हणून माल बाहेर विकला तर काय. हे चार नियम पानभर, साध्या मराठीत, सगळ्यांच्या सह्यांनिशी.

मी स्वतः ज्या गटात होतो तिथे शेवटचा नियम आम्ही लिहिला नव्हता. पहिल्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाला दोनशे क्विंटल स्वच्छ तुरीचा शब्द दिला. फेब्रुवारीत भाव चढला, आणि निम्म्या सभासदांनी रात्रीतून माल मोंढ्यात नेला. त्यांचीही चूक म्हणता येत नाही, घरात लग्न होते, कर्ज होते. पण आमचा शब्द गेला. तो गिऱ्हाईक पुन्हा कधी आला नाही. तेव्हापासून मी सांगतो, सौद्यात भाव चढला तर सभासदाला वाढीतला वाटा मिळेल अशी सोय आधीच ठेवा. नुसत्या निष्ठेच्या भरवशावर माल येत नसतो.

## ६. सोय भाड्याने चालवून पाहा, मग बांधा

पहिला हंगाम जुन्या गोदामात, भाड्याच्या मशिनवर काढा. दुसऱ्याच्या डाळमिलला मजुरीने डाळ करून घ्या. उतारा किती पडतो, चुणी (डाळीचा चुरा) किती निघते, गिऱ्हाईक कशावर नाक मुरडतो, हे सगळे आपली एक वीटही न रचता कळते.

त्यानंतर मशिन घ्यायचे ठरले तर ते वर्षाला किती दिवस चालावे लागेल याचा हिशेब मांडा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. स्वच्छता-प्रतवारीचे युनिट आहे, ताशी २० क्विंटल. वर्षाचा हप्ता आणि व्याज ९ लाख, ऑपरेटर आणि दोन माणसे ५ लाख, वीज दीड लाख, दुरुस्ती-विमा-हिशेबनीस दीड लाख. एकूण १७ लाख. क्विंटलला ७० रुपये मजुरी घेतली तर निदान २४,३०० क्विंटल माल लागतो. दिवसाला आठ तास म्हणजे १६० क्विंटल धरले तर १५२ दिवस झाले.

सोयाबीनचा जोर फार तर ६५ दिवस. त्यावर हे मशिन बसणारच नाही. तुरीचे ४० दिवस आणि हरभऱ्याचे ४० धरले तरी १४५ होतात. मे महिन्यात खरिपाच्या बियाण्याची चाळणी १५ दिवस मिळवली की गणित जेमतेम जुळते. म्हणजे चारही माल घेता येतील अशा चाळण्या मशिनबरोबरच घ्याव्या लागतील आणि तूर-हरभऱ्याच्या गावांतले लोक पहिल्यापासून गटात असावे लागतील. एकाच पिकावर विसंबून घेतलेले मशिन नऊ-दहा महिने ताडपत्रीखाली झाकलेले राहते. व्याज मात्र बाराही महिने लागते.

सावधान: महावितरणकडून वाढीव भार मंजूर झाल्याचा कागद हातात येईपर्यंत मशिनची आगाऊ रक्कम देऊ नका. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) लांब असेल तर खांब आणि तारेचा खर्च कोणाचा, तेही त्याच वेळी विचारा.

## ७. हाताला काम शिकवणारी माणसे

मशिन घेताना ऑपरेटरचा विचार कोणी करत नाही. पुरवठादाराचा माणूस दोन दिवस शिकवून जातो आणि तिसऱ्या दिवशी बेल्ट सरकतो.

तालुक्याच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा. कोणत्या ट्रेडची मुले पास झाल्यावर कुठे जातात, ते विचारा. बहुतेक वाळूज किंवा चाकण असे उत्तर येईल. त्यातली पाच-सात वर्षे काम केलेली, आता तिशीत आलेली, आई-वडिलांसाठी गावाकडे यायचे मनात असलेली मुले शोधा. एक असा मुलगा दहा प्रशिक्षण शिबिरांच्या तोडीचा असतो. त्याला शहरातल्यापेक्षा थोडा कमी पगार चालेल, कारण खोलीभाडे वाचते. पण तो वेळेवर लागतो आणि मान लागतो.

शिकाऊ उमेदवार घ्या. ४ किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या युनिटला ते घेता येतात, ३० किंवा अधिक असतील तर घेणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलते. लहान युनिटांना हे माहीतच नसते.

प्रतवारी आणि पॅकिंगच्या कामात महिला बचत गट असतातच. त्यांना हिशेब आणि दर्जा तपासणीतही घ्या. आमच्याकडे ओलावा मोजायचे यंत्र बचत गटाच्या ताईंकडे दिले, तेव्हापासून नोंदवहीत एक दिवस कोरा गेला नाही.

## ८. पैसा कोणत्या क्रमाने आणायचा

आधी स्वतःचा, मग बँकेचा, शेवटी अनुदान. हा क्रम उलटा केला की प्रकल्प अनुदानाच्या मापाने शिवला जातो. जितके जास्त अनुदान तितके मोठे मशिन, आणि वरचा हिशेब कोलमडतो.

ज्यांचा उपयोग होतो अशा योजना थोडक्यात. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत वैयक्तिक युनिटला खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, कर्जाशी जोडलेले अनुदान. कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षे ३ टक्के व्याजसवलत. गोदाम, चाळणी युनिट, शीतगृह असे काम त्यात बसते. अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात कृषी कार्यालय आणि जिल्हा उद्योग केंद्रातून त्या त्या वेळचा शासन निर्णय घ्या. एजंटाच्या मोबाइलमधल्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका.

सगळ्यात जास्त घात होतो तो खेळत्या भांडवलाच्या बाबतीत. शेड आणि मशिनला कर्ज मिळते, पण नोव्हेंबरात माल घ्यायला रोख नसते. रोख नसली की मशिन रिकामे. म्हणून बँकेकडे मुदत कर्जाच्या अर्जाबरोबरच कॅश क्रेडिटचा, म्हणजे लागेल तशी रोख उचलता येते अशा कर्जमर्यादेचा, अर्ज द्या, दुसऱ्या वर्षावर ढकलू नका. सभासदांसाठी बाजार समितीची शेतमाल तारण योजना वापरा. माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. लग्न आणि कर्जाच्या घाईत माल मोंढ्यात जाणे यानेच थांबते. आमच्या गटाला हे आधी सुचले असते तर तो शब्द पाळता आला असता.

## ९. नाव आणि बाजार

भौगोलिक मानांकनाबद्दल (ठरावीक भागातल्या खास मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) एक गैरसमज पक्का बसला आहे. मानांकन मिळाले की दर वाढतो, असे लोक धरून चालतात. मराठवाड्यात जालना मोसंबी, बीड सीताफळ, मराठवाडा केसर आंबा, वसमत हळद, कुंथलगिरी खवा, बोरसुरी तूरडाळ अशी मानांकने आहेत. पण मानांकन एका संस्थेच्या नावे नोंदले जाते. ते वापरायचे तर प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. नोंदणी १० वर्षांची असते, मग नूतनीकरण. ज्या गावात मानांकनाचा सत्कार झाला, तिथे किती जणांनी वापरकर्ता म्हणून नोंद केली ते विचारून पाहा.

आणि वापरकर्ता झाल्यावरही पिशवीवर नाव छापण्याआधी दर्जाचा तक्ता हवा: दाण्याचा आकार, ओलावा, मातेरे किती चालेल. एका सभासदाने भेसळ केली तर नाव सगळ्यांचे जाते. म्हणून नमुना घेण्याचा आणि माल नाकारण्याचा अधिकार एका माणसाला द्या आणि त्याच्या निर्णयावर अध्यक्षांनाही फोन करायची मुभा ठेवू नका.

बाजाराचे एकच सांगतो. पहिली दोन वर्षे तीन गिऱ्हाइके पुरेत. एक मोठा, एक मध्यम, एक जवळचा. एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला निम्म्याहून जास्त माल गेला तर दर तोच ठरवायला लागतो.

## १०. दरवर्षी हे पाच आकडे भिंतीवर लावा

- सभासदाला मिळालेला सरासरी दर आणि त्याच दिवसाचा मोंढ्याचा दर
- परत आलेल्या गाड्या
- मशिन चाललेले दिवस
- तालुक्यातल्या माणसांना दिलेली एकूण मजुरी आणि पगार
- मालाच्या एका क्विंटलमागे लागलेले पाणी आणि वीज

उलाढाल मुद्दाम घेतलेली नाही. भाव चढला की उलाढाल आपोआप वाढते आणि सगळ्यांना वाटते आपण मोठे झालो. चौथा आकडा तीन वर्षे हलला नाही तर तुमचा धंदा मोठा झाला असेल, पण तालुका होता तिथेच आहे. अशा वेळी अजून माल आणण्याऐवजी साखळीतले पुढचे काम इथे आणायचे बघा: चाळणीच्या जाळ्या करणारा फॅब्रिकेटर, बॉयलर दुरुस्त करणारा, पिशव्या शिवणारा, नमुने तपासणारी प्रयोगशाळा. हळदीच्या तालुक्यात शिजवणीची आणि पॉलिशची यंत्रे बाहेरून येत असतील तर पुढचा धंदा तोच.

दुसरा पीकधंदा निवडण्याची घाई मात्र करू नका. पाचपैकी निदान चार आकडे सलग दोन वर्षे सुधारले, आणि त्या दोनपैकी एक वर्ष कमी पावसाचे होते, तर पुन्हा पहिल्या टप्प्यावर या आणि वही नव्याने मांडा. या वेळी दुसऱ्या रकान्यापासून सुरुवात करा आणि मागच्या वेळी लाल शाईने अधोरेखित केलेल्या ओळींपैकी किती अजून तशाच आहेत, ते आधी मोजा.